मुनारिकचं तिसरं गाणं

आमच्या घरात संगीत आधी माझ्याकडे आलं. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

तोकमोकला, बिश्केकजवळच्या आमच्या लहानशा गावात, आमच्या घरी कोणी गुणगुणतसुद्धा नसे. वडील ट्रक चालवायचे. मी बारा वर्षांचा असताना ते नारिनच्या घाटात गेले, ट्रकसकट. तेव्हा जिबेक, माझी बहीण, एक वर्षाची होती. पुढे पाच वर्षांनी अपा, म्हणजे आमची आई, मॉस्कोला कामाला गेली. जिबेकला मावशीकडे ठेवलं. मी सतरा वर्षांचा घोडा, गिटार पाठीला लावून राजधानीत, बिश्केकला आलो आणि रॉक बँड काढला. दहा वर्षं चालला. चालला म्हणजे काय, रांगला. मग ड्रमवाला कोरियात कारखान्यात गेला, बासवाल्याने टायरचं दुकान टाकलं आणि मी लग्नाच्या तोईत, म्हणजे मेजवानीत, कीबोर्ड वाजवायला लागलो. लोक मेंढीचं मटण चघळतात, तामादा, म्हणजे मेजवानीचा सूत्रधार, माइकवर विनोद करतो आणि मी मागे बसून नाचाची गाणी वाजवतो. शिवाय साउंडही मीच बघायचो. मिक्सरवर माझा हात चांगला होता. तसं सगळे म्हणायचे.

जिबेक दातांची डॉक्टर व्हायला बिश्केकला आली तेव्हा माझ्याकडेच राहिली. दोन खोल्या, एक तिची, एक माझी. तिच्या खोलीतल्या कपाटावर एक सोव्हिएत काळातला सिंथेसायझर पडून होता. तोकमोकच्या सांस्कृतिक भवनातल्या एका म्हाताऱ्या वादकाने तो मला दोन पोती बटाट्यांवर दिला होता. जड इतका की दोघांनी उचलायचा. जरा तापला की त्याचे सूर जागेवर राहायचे नाहीत, हळूहळू खाली घसरायचे.

"बाइके, हा चालतो का रे?" तिने एकदा विचारलं. थोरल्या भावाला आमच्याकडे बाइके म्हणतात, पण ती 'बाइके' म्हणायची आणि पुढे सरळ 'अरे-तुरे' करायची. मीच लाडावून ठेवली होती.

"चालतो. पण दारू प्यायल्यासारखा."

"मग उतरव ना."

उतरवला. महिनाभराने एका दुपारी मी तोईतून आलो, हातात उरलेल्या बोर्सोकची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या तुकड्यांची, पिशवी, आणि तिच्या खोलीतून काहीतरी ऐकू आलं. मी पॅसेजमध्येच उभा राहिलो. तो घसरणारा सूर तिने थांबवला नव्हता, उलट त्याच्यामागे जात होती. वर तिचा आवाज, बारीक, अर्धा श्वास. पाण्याखाली डोकं घालून पलीकडच्या काठावरचं बोलणं ऐकावं तसं वाटत होतं.

मी दार उघडून म्हणालो, "सूर सुटतोय तुझा."

"सुटू दे की. तोच तर छान लागतोय."

खरंच छान लागत होता. ते मला कळलं, आणि कळल्याबरोबर मनात काहीतरी वाकडं झालं. मी बोर्सोक टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "अभ्यास कर. दात मोज."

तिच्या वर्गात तिमोफे नावाचा एक रशियन मुलगा होता. सगळे तिमा म्हणायचे. तो लॅपटॉपवर ताल बसवायचा, बोलताना लाजायचा. दोघांनी मिळून बँड केला आणि नाव ठेवलं 'मुनारिक'. उन्हाळ्यात डोंगरांवर जी धूसर झाक तरळत असते, तिला आम्ही मुनारिक म्हणतो. मी म्हणालो, "धूसर? नाव तरी नीट दिसेल असं ठेवायचं." तिमा हसला. जिबेक हसली नाही.

त्यांचं पहिलं गाणं होतं 'तिथे बारा, इथे तीन'. मॉस्कोत दुपारचे बारा वाजले की आपल्याकडे तीन वाजतात. अपा तिथे एका मोठ्या खानावळीत भांडी घासायची आणि जेवणाच्या सुट्टीत मावशीकडे फोन करायची. गाण्यात बाकी काही नव्हतं:

तिथे बारा, इथे तीन,
तुझ्यामागे भांडी वाजतात.
सांग, आज काय जेवलीस?
मी सांगते, पोट भरलंय.

एवढंच, पुन्हा पुन्हा, आणि खाली तो घसरणारा सूर.

ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं, हे खरं. पण दुसऱ्या क्षणी मनात आलं, अपा फोन मलाही करायची. रोज नाही, रविवारी. मागे भांडी मलाही ऐकू यायची. दहा वर्षं मी वादळं, रस्ते आणि आग यांच्यावर गाणी लिहीत बसलो. ही भांडी माझ्या कानाशी वाजत होती, मग मला का नाही सुचली?

गाणं लोकांच्या फोनमध्ये शिरलं आणि पसरलं. मार्श्रुतका मिनीबसचा ड्रायव्हर लावायचा. ओश बाजारात मसालेवाली लावायची. बिश्केकमध्ये असं एक घर सापडणार नाही ज्यातलं कोणीतरी मॉस्कोत नाही, म्हणून ते सगळ्यांचंच गाणं झालं. मी रोज खालच्या प्रतिक्रिया वाचायचो. हजारांत एखादा लिहायचा, 'यात काय आहे, झोप आली'. त्याला मी मनातल्या मनात चहा पाजायचो.

अपा तोवर मॉस्कोहून कायमची परत आली होती. तोकमोकला शेजारणींना गाणं ऐकवायची आणि फोनवर मला सांगायची, "कुबात, तुझ्या बहिणीने मला गाण्यात घातलं रे!"

"हो अपा, ऐकलं."

"तुझ्या गाण्यांत फार आवाज असायचा बाळा. शब्द कळायचेच नाहीत."

ती वाईट हेतूने बोलली नव्हती. ते मला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी मी जेवलो नाही.

मग तोईत तो प्रकार झाला. जून महिना, मोठं लग्न, चारशे माणूस. नवरीने निरोप पाठवला की पहिला नाच 'तिथे बारा'वर करायचाय. सागिन तामादाने, ज्याच्याबरोबर मी सात वर्षं काम करत होतो, माइक घेतला आणि म्हणाला, "मंडळी, टाळ्या! आपल्या कीबोर्डवर बसलाय मुनारिकच्या जिबेकचा सख्खा भाऊ!"

चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. सात वर्षांत कीबोर्डकडे बघून कोणी टाळी वाजवली नव्हती. मी उठून वाकलो. मग बसून माझ्या बहिणीचं गाणं वाजवलं, कीबोर्डच्या तयार आवाजात, स्वच्छ, एकही सूर न घसरू देता. नवरी-नवरदेव नाचले. नंतर एक काका जवळ आले.

"गाणं तेच वाटलं, पण तसं नाही वाटलं."

"वाद्य वेगळं आहे काका."

"हं. वाद्यच असेल." आणि माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं.

जुलैच्या शेवटी मुनारिकचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला. जुन्या शिवणकारखान्याचं मोकळं आवार, सहाशे तिकिटं, संध्याकाळी साडेसातला सुरू. शेजारच्या देशातून, अल्मातीहून, रौशान नावाची बाई येणार होती. तिकडे शरद ऋतूत मोठा महोत्सव असतो, त्यासाठी बँड निवडणं तिच्या हातात होतं. दोन दिवस आधी आयोजकांचा साउंडवाला मोटरसायकलवरून पडला.

जिबेक माझ्या खोलीत आली. पलंगाच्या काठावर बसली, लहानपणी बसायची तशी, पाय अंगाखाली घेऊन.

"बाइके, तू बसशील मिक्सरवर?"

"दुसरं कोणी नाही मिळालं?"

"दुसरं कोणी मागितलंच नाही. माझा आवाज तुझ्याइतका कोणाला माहितीये?"

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. त्या दोन दिवसांत मी आवारात तीनदा जाऊन आलो, कुठल्या भिंतीवर आवाज आपटतो ते बघितलं, कुठे जाजम टांगायचं ते सांगितलं. अपा तोकमोकहून नवी ओढणी घेऊन आली. तिला मी पुढच्या रांगेत खुर्ची ठेवून दिली. तिमाने मला मिठी मारली. मला वाटलं, मनातलं ते वाकडं आता सरळ होतंय.

कार्यक्रम सुरू झाला. उन्हं उतरली होती, डोंगरांवरचा बर्फ अजून पिवळा दिसत होता. पहिली दोन गाणी सुरेख गेली. मिक्सरवर प्रत्येक आवाजाची एक पट्टी असते. वर सरकवली की आवाज मोठा, खाली ओढली की लहान. माझी बोटं नुसती तरंगत होती. जिबेकच्या आवाजामागे मी थोडा घुमारा सोडला, तो भिंतीवरून परत यायच्या आत आवरून घेतला. असं काम मी कधीच केलं नव्हतं.

दुसऱ्या गाण्यानंतर जिबेक माइकवर बोलली. हसत, घाम पुसत.

"लोक विचारतात, तू कोणाकडे शिकलीस? मी कोणाकडेच नाही शिकले. घरात एक बिघडलेलं वाद्य पडून होतं. त्यानेच शिकवलं."

लोकांनी शिट्ट्या मारल्या.

माझ्या डोळ्यांसमोर आमचा पहिला प्लास्टिकचा कीबोर्ड आला. जिबेक सहा वर्षांची. पट्ट्यांवर मी रंगीत कागद चिकटवलेले: लाल म्हणजे सा, हिरवा म्हणजे ग. अपा निघून गेली त्या आठवड्यात ती मावशीकडे जेवेना, म्हणून बिश्केकहून परत येऊन मी आठ दिवस तिला घेऊन बसलो होतो. तिची बोटं माझ्या बोटांवर ठेवून वाजवायचो. बिघडलेल्या वाद्याने शिकवलं म्हणे.

तिसरं गाणं सुरू झालं, 'तिथे बारा'. माझं बोट तिच्या आवाजाच्या पट्टीवर होतं. मी ती खाली ओढली.

एकदम नाही. हळूहळू, जसा तो जुना सूर घसरतो तशी. तिच्या कानात छोटे स्पीकर होते, त्यांचं नियंत्रण वेगळं असतं. तिला तिचा आवाज पूर्ण ऐकू येत होता. ती डोळे मिटून गात होती आणि समोर सहाशे लोकांना तिचा आवाज विरत चाललेला ऐकू येत होता. मला वाटलं आता कुजबुज होईल, लोक मागे वळतील, कोणीतरी ओरडेल 'आवाज!' आणि ती अल्मातीची बाई वहीत काहीतरी लिहील. मी वाट बघत होतो. आणि लपवून काय उपयोग, त्यात मजा होती.

कोणी ओरडलं नाही. आवार गप्प झालं. लोक पुढे झुकले, जसं आजारी माणसाचं बोलणं ऐकायला झुकावं. मग डावीकडून एका बाईने ओळ उचलली: सांग, आज काय जेवलीस? तिच्या शेजारच्याने उचलली. मग सगळ्यांनी. कोणी मोठ्याने गात नव्हतं. सहाशे माणसं फोनवर आपल्या माणसाशी बोलावं तशी, आपापल्या पट्टीत, पुटपुटत गात होती. जिबेकने डोळे उघडले. तिला वाटलं लोक तिच्याबरोबर गाताहेत. ती रडायला लागली आणि गात राहिली.

सगळे स्टेजकडे बघत होते. एकटी अपा वळून माझ्याकडे बघत होती. तिला मिक्सरमधलं काही कळत नाही. पण आपल्या पोरीचा आवाज कुठे गेला, हे आईला कोणी सांगावं लागत नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती. माझा हात पट्टीवर तसाच. वर सरकवायला एक सेकंद लागला असता. मी गाणं संपेपर्यंत सरकवली नाही.

कार्यक्रम संपल्यावर रौशान सरळ माझ्याकडे आली, हात पुढे करून.

"तिसऱ्या गाण्यात आवाज विरघळवलात ना, तो तुमचा निर्णय?"

"हो."

"वीस वर्षं मी कार्यक्रम बघतेय. एवढी हिंमत बघितली नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांना बोलावतेय. तुम्हीही या, तुमच्याशिवाय हे व्हायचं नाही."

दहा वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघितली, ते मला अशा कामासाठी मिळालं. मी तिचा हात हातात घेतला आणि आभार मानले.

घरी पोचून टॅक्सीतून उतरताना अपा फक्त म्हणाली, "तिला तूच सांग. मी नाही सांगणार." आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तोकमोकला निघून गेली.

मी सांगितलं नाही. तीन दिवस मी वाहवा खाल्ली. लोक तेच तिसरं गाणं पाठवत होते, खाली लिहीत होते, 'स्वप्नासारखं'. तिमा म्हणाला, "तू प्रतिभावान आहेस रे बाइके." मी म्हणालो, "अरे, तसं काही नाही."

चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो. जिबेक आत आली, फोन टेबलावर ठेवला. कोणीतरी पुढच्या रांगेतून काढलेला व्हिडिओ होता. तिने तो लावला. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"पहिल्या दोन गाण्यांत असं नाहीये," ती म्हणाली.

"लोकांना तर आवडलं."

"लोकांचं नाही विचारत. तू का केलंस?"

मी म्हणू शकलो असतो, कल्पना होती, प्रयोग होता. तिने विश्वास ठेवला असता. तिला ठेवायचाच होता, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती थांबली होती त्यासाठी.

"तुझी फजिती व्हावी म्हणून," मी म्हणालो.

तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"एवढा राग? कधीपासून?"

"राग नाही. मला बघवत नाही, जिबेक. तू रस्त्याने जातेस, लोक हसतात तुझ्याकडे, ते मला बघवत नाही. दहा वर्षं मी घासली. तू कपाटावरून एक भंगार उतरवलंस आणि..." मी सुरी खाली ठेवली. "आणि वर सगळ्यांसमोर म्हणालीस, कोणी शिकवलं नाही."

टेबलावरच्या कांद्याच्या सालींची तिने एक छोटा ढीग केला.

"तिथे चुकले मी," ती म्हणाली. "ऐकायला बरं वाटतं म्हणून बोलले. एका मुलाखतीत बोलले, लोकांना आवडलं, मग तेच बोलत राहिले. ते रंगीत कागद माझ्या लक्षात आहेत. चूक माझी." मग तिने मान वर केली. "पण मी तुझं नाव घेतलं नाही एवढंच, बाइके. तू माझा आवाज काढून घेतलास. अपासमोर."

त्या आठवड्यात ती तिमाच्या बहिणीकडे राहायला गेली. सिंथेसायझर नेताना तिमा आणि त्याचा मेहुणा आले. मी दार उघडून दिलं आणि बाजूला झालो. रौशानला तिने काय कळवलं मला माहीत नाही. मला अल्मातीचं बोलावणं आलं नाही. ऑक्टोबरमध्ये तिथे त्यांचा कार्यक्रम झाला आणि चांगला झाला. मी व्हिडिओ बघितले. तिसऱ्या गाण्यात तिचा आवाज पूर्ण होता. लोकांनी खाली लिहिलं, 'शिवणकारखान्यासारखं नाही झालं'. ते वाचून मला गोड वाटलं, आणि गोड वाटलं म्हणून माझीच मला किळस आली. दोन्ही एकदम होतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

मी तोईत वाजवत राहिलो. सागिनला मी सांगितलं, मला माइकवर कोणाचा भाऊ म्हणायचं नाही. तो म्हणाला, "का रे, भांडलात?" मी सगळं सांगितलं. सांगायला तो पहिला माणूस मिळाला. तो विनोदावर पोट भरणारा, पण हसला नाही. "माझा धाकटा भाऊ खासदाराचा ड्रायव्हर झाला तेव्हा मी त्याच्या लग्नाला तामादा म्हणून गेलो नाही," तो म्हणाला. "आजारी आहे म्हणालो. त्याने दुसरा शोधला. आजपर्यंत विचारलं नाही त्याने." मग पुढच्या टेबलावर आरोळी ठोकायला निघून गेला.

नोव्हेंबरात मुनारिकने तोकमोकच्या सांस्कृतिक भवनात कार्यक्रम लावला. अपाने फोन केला. "ये," म्हणाली, "मला एकटीला जायचं नाही." मी तिकीट काढून गेलो. कोळशाचा धूर दाटला होता, भवनात लोक कोट घालूनच बसले होते. मी मागून चौथ्या रांगेत. अपा माझ्याशेजारी, माझ्या गुडघ्यावर तिने हात ठेवला आणि काढला नाही.

मिक्सरवर कोणी एक तरुण होता. पहिल्या गाण्यातच मला तीन चुका दिसल्या. घुमारा जास्त, खालचे सूर फुगलेले, आणि जिबेकचा आवाज मी ठेवला असता त्यापेक्षा बराच वर. मी मनात त्याला शिव्या देत होतो. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर लक्षात आलं की आवाज वर ठेवला म्हणून तिचा श्वास ऐकू येतोय, ओळीच्या शेवटी ती किंचित अडखळते ते ऐकू येतंय. बिश्केकमधल्या त्या पहिल्या दोन गाण्यांत, मी नीट काम करत होतो तेव्हासुद्धा, हे ऐकू आलं नव्हतं. मी तिला नेहमीच जरा आत ठेवत आलो होतो. जाणूनबुजून की नाही, देव जाणे.

त्या तरुणाचाही मला हेवा वाटला. मत्सर असा एका कार्यक्रमात जात नाही.

संपल्यावर लोक पांगले. अपा सरळ स्टेजकडे निघाली, म्हणून मलाही जावं लागलं. जिबेक केबल गुंडाळत होती. तिने मला बघितलं. हसली नाही, तोंडही फिरवलं नाही.

"गाडी मागच्या दाराला लावलीये," ती म्हणाली. "मोठा स्पीकर तिमाला एकट्याला उचलवत नाही."

"मी घेतो."

"जिना अरुंद आहे. भिंतीला घासू नको."

मी एका बाजूने धरलं, तिमाने दुसऱ्या. पाठीमागे ती अपाला सांगत होती की जेवण झालं नाही, आणि अपा म्हणत होती, घरी मटण भरून मंती उकडून ठेवलेत, सगळे चला. सगळे म्हणाली. जिबेक नाही म्हणाली नाही. आम्ही एक एक पायरी उतरत होतो. स्पीकरची कड माझ्या बोटांत रुतली होती, आणि मी हात बदलायला थांबलो नाही.